वाऱ्याचा व्हिसा

मुंबई-गोवा महामार्गावर महाड जवळ आलं की गाडीतल्या निम्म्या माणसांचं लक्ष जेवणाच्या हॉटेलांकडे असतं आणि उरलेल्यांचं रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे. डावी-उजवीकडच्या डोंगराकडे मान वर करून बघणारे थोडेच. बघितलं, तर पाले गावाच्या वरच्या कड्यात ओळीनं कोरलेले काळे चौकोन दिसतात. ही गांधारपाले लेणी. लहानमोठी मिळून तीसएक आहेत. खाली गांधारी नदी सावित्रीला मिळते आणि सावित्री पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला.

पायऱ्या चढून वर गेलं की पहिल्याच मोठ्या लेण्याच्या ओसरीत वारा लागतो. इथे महाडची पोरं मोबाइलवर फोटो काढत असतात आणि एखादं जोडपं खांबाआड बसलेलं असतं. लेण्यांतल्या एका भिंतीवरचा ब्राह्मी लेख बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. काणभोज कुळातल्या विष्णुपालित नावाच्या कुमारानं लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची दोन टाकी दान दिल्याचं तो लेख सांगतो. काळ साधारण दुसऱ्या शतकाचा. राजपुत्राच्या दानात टाकी मोजून नोंदवलेली आहेत, हे ध्यानात ठेवावं. पुढे जुन्नरला गेल्यावर ती पुन्हा भेटतात, आणि तिथला दाता परदेशी आहे.

महाडला आज बंदर म्हणून कोणी ओळखत नाही. एमआयडीसी, चवदार तळं, रायगडाचा पायथा आणि पावसाळ्यातला पूर ही महाडची ओळख. पण खाडीचा रस्ता परवापरवापर्यंत चालू होता. १९२७ च्या डिसेंबरात दुसऱ्या महाड परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीनंच निघाले, हरिहरेश्वराच्या बाजूनं खाडीत शिरले, दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून महाडला चालत आले. शंभर वर्षांपूर्वी आगबोट जिथवर येत होती, तिथवर दोन हजार वर्षांपूर्वी शिडाचं जहाज येत असेल तर नवल नाही.

आणि ती जहाजं कुठून येत? या प्रश्नाचं उत्तर थेट उत्तर आफ्रिकेत नेतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावानं ती ओळखली जाते. लेखकाचं नाव कोणाला ठाऊक नाही. कोणत्या बंदरात काय विकलं जातं, कुठे गाळ आहे, कुठला राजा त्रास देतो, एवढंच तो रोखठोक सांगतो. कोकणाबद्दल बोलताना तो कल्याणची तक्रार करतो. पूर्वी ते रीतसर बंदर होतं, पण आता तिथे ग्रीक जहाज लागलं तर पहाऱ्यात भडोचला नेलं जातं, असं त्याचं म्हणणं. कागदपत्रं नीट नसलेल्या प्रवाशाला विमानतळावरून परत पाठवतात, त्याचीच ही जुनी आवृत्ती. कल्याणच्या पुढे तो चौलशी जोडलं जाणारं सेमिल्ला सांगतो, मग मांदागोरा, मग पालायपत्माय. शेवटचं हे नाव काही अभ्यासकांनी आपल्या पाले गावाशी जोडलं, तर काहींनी दाभोळशी. वाद मिटलेला नाही आणि मिटायची घाईही नाही. पालेकरांनी दावा सोडू नये, एवढंच मी म्हणेन. खाडी, डोंगरातली लेणी आणि घाटावर जाणारी वाट असे तीन साक्षीदार त्यांच्याकडे आहेत.

त्या व्यापाऱ्याच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक आपल्याला प्लिनी या रोमन लेखकामुळे बारीकसारीक माहीत आहे. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीनं वर कोप्टोसपर्यंत बारा दिवस. तिथून उंटांवर माल लादून वाळवंट ओलांडायचं, २५७ रोमन मैल, पुन्हा बारा दिवस. उन्हामुळे प्रवास बहुतेक रात्री, आणि मुक्काम पाण्याच्या ठिकाणाप्रमाणे ठरलेले. मग तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर. व्याधाचा तारा उगवायच्या सुमारास, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जहाज हाकारायचं आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन हिंदुस्थान गाठायचं. परतीला डिसेंबर उजाडावा लागे. फार तर जानेवारीच्या मध्यापर्यंत किनारा सोडायचा. त्या आधी उलटा वारा नाही आणि त्यानंतर उशीर झालेला.

म्हणजे आपल्याकडे नारळी पौर्णिमा होऊन दर्या निवळला की हे लोक येऊन ठेपत आणि पौषातली थंडी पडली की जात. मधले तीन-साडेतीन महिने इथेच. माल विकून झाला, नवा भरून झाला, तरी वारा फिरेपर्यंत हलता येत नसे. त्यांच्या मुक्कामाची मुदत कुठल्या कचेरीनं ठरवलेली नव्हती. ती मोसमी वाऱ्यानं ठरवलेली होती.

आज हीच मुदत उलट्या बाजूनं मोरोक्को देतं. बऱ्याच पाश्चात्त्य देशांच्या नागरिकांना तिथे नव्वद दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. आगादीरजवळचं तागाझूत हे एके काळचं मासेमारांचं गाव आता लाटांवर खेळणाऱ्यांचं आणि लॅपटॉपवाल्यांचं झालं आहे. सकाळी सर्फिंग, दुपारी बर्लिनच्या किंवा लंडनच्या कंपनीचं काम, संध्याकाळी पुदिन्याचा चहा. नव्वद दिवस भरत आले की ही मंडळी स्पेनला एक चक्कर मारून येतात किंवा पुढच्या देशात जातात. भारतीय पासपोर्टवाल्याला मात्र आधी व्हिसा काढावा लागतो, आणि पुण्याच्या ऑफिसचं काम तिथून करायचं तर घड्याळाशीही झगडावं लागतं. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा मोरोक्कोत पहाटेचे साडेपाच. त्यातही रमजानच्या महिन्यात तिथलं सरकार घड्याळ एक तास मागे घेतं; म्हणजे तीच मीटिंग साडेचारला. २०१६ साली तिथल्या दूरसंचार कंपन्यांनी व्हॉट्सअॅप आणि स्काइपवरून बोलणं कित्येक महिने बंद पाडलं होतं. ‘कुठूनही काम करा’ या जाहिरातीतल्या कुठूनहीचा पत्ता शेवटी कुठल्या तरी सरकारच्या आणि कुठल्या तरी केबलच्या हातात असतो.

या लोकांबद्दल तागाझूतचे गावकरी काय म्हणत असतील, याचा अंदाज कोकणातल्या माणसाला करता येतो. खोल्यांचं भाडं चढतं, हॉटेलं निघतात, पोरांना काम मिळतं, आणि गावातल्याच माणसाला गावात घर परवडेनासं होतं. अलिबाग-मुरुडकडे हे होऊन गेलंय.

इथे पालेच्या लेण्यात बसून मनात येतं, की तीन महिने वाऱ्याची वाट बघणारी ती माणसं करत काय असतील? बाजारात भांडत असतील, आजारी पडत असतील, कोणी इथलीच होऊन जात असतील. त्यांच्या वह्या उरल्या नाहीत. उरल्यात त्या देणग्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात जे खांब बघायला आपण जातो, त्यातल्या काहींवर देणारा यवन असल्याचं कोरलं आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचा पश्चिमेकडून आलेला माणूस. गाव धेनुकाकट आणि नावं सिंहध्वज, धर्मध्वज अशा अर्थाची, पुरती इथली. जुन्नरला तर तीन यवनांची नोंद आहे. चंद नावाच्यानं लेण्याचं दार दिलं. चित नावाच्यानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. इरिल नावाच्यानं पाण्याची दोन टाकी दिली.

ही माणसं थेट इजिप्तहून आलेली होती की काही पिढ्या इथेच रुळलेली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण परक्या मुलखातल्या व्यापारवाटेवर राहणाऱ्या माणसानं काय द्यावं, याची निवड त्यांनी केली ती बघण्यासारखी आहे. दार, जेवायची जागा, पाणी. पाले इथल्या राजपुत्राचं दान आणि जुन्नरच्या परदेशी इरिलचं दान एकाच मापाचं, दोन-दोन टाकी.

आता उलट्या दिशेनं. आपली माणसं तिकडे राहत होती का?

बेरेनिकेचं उत्खनन १९९४ पासून चाललं आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या स्टीव्हन साइडबॉथम यांनी सहकाऱ्यांसह ते सुरू केलं आणि पुढे पोलंडचे पुरातत्त्वज्ञ त्यात आले. वाळवंट असल्यामुळे जे इतरत्र कुजून जातं ते तिथे टिकलं. देवळाच्या आवारात पुरलेला एक हिंदी बनावटीचा रांजण सापडला, त्यात साडेसात किलोंच्या आसपास काळी मिरी होती. मिरी मलबारची, त्यावर कोकणानं हक्क सांगायचं कारण नाही. पण भिंतींत वापरलेल्या सागाच्या तुळया सापडल्या. मोडलेल्या जहाजांचं लाकूड घराला लावलेलं. कापडाचे तुकडे सापडले आणि कोणतं इथलं आणि कोणतं तिकडचं, हे ओळखायची युक्तीही. हिंदुस्थानात सूत ज्या दिशेनं पिळत, त्याच्या उलट दिशेनं इजिप्तमध्ये पिळत. सूत कातणाऱ्या बाईच्या हाताची सवय दोन हजार वर्षांनी पुराव्याला आली.

तांदूळ, मूग, नारळ यांचे अवशेषही निघाले. मुगाचा व्यापार करायला कोणी समुद्र ओलांडत नाही. मूग सोबत नेतात ते आपल्याला खायला. त्याबरोबर हिंदी घाटाची साधी स्वयंपाकाची भांडी मिळाली, तेव्हा तिथे आपल्याकडची माणसं नुसती येऊन जात नव्हती, चूल मांडून राहत होती, असं मानायला जागा झाली. परदेशी निघालेल्या मराठी मुलाच्या बॅगेत आई आजही मूगडाळ आणि भाजणी कोंबते. तिला बेरेनिकेच्या उकिरड्यावर कोणी नेलं तर तिला तिथलं सगळं ओळखीचं वाटेल.

बेरेनिकेच्या उत्तरेला आणखी एक बंदर होतं, कुसैर अल-कदीम. तिथे खापराच्या तुकड्यांवर लिहिलेल्या नोंदी सापडल्या. काही तमिळ-ब्राह्मीत आहेत. एक प्राकृतात आहे आणि तिच्यावर हलक, विण्हुदत्त, नाकद अशा तिघांच्या नावांपुढे तेल, मांस अशा जिनसा मांडल्या आहेत. रिचर्ड सॉलोमन यांनी हा लेख वाचून १९९१ साली प्रसिद्ध केला. ते वाचन बघताना मला पहिल्यांदा आठवली ती गिरगावातल्या गाळ्यांमधली मेसची वही. तिघं भाडेकरू, तिघांचा हिशेब. आणि विण्हुदत्त हे नाव? इथे महाडच्या भिंतीवर विष्णुपालित, तिथे तांबड्या समुद्राच्या काठी विष्णुदत्त. एक राजपुत्र, दुसरा कोण जाणे, पण दोघांच्या आयांनी नाव ठेवताना एकाच देवाकडे बघितलेलं दिसतं.

सर्वांत मोठा शोध अलीकडचा. २०२२ च्या जानेवारीत बेरेनिकेच्या इसिस देवीच्या मंदिरात बुद्धाची ७१ सेंटिमीटर उंचीची मूर्ती मिळाली आणि २०२३ मध्ये ती जाहीर झाली. दगड आजच्या इस्तंबूलच्या दक्षिणेकडच्या खाणीतला, म्हणजे मूर्ती हिंदुस्थानातून नेलेली नाही. ती तिकडेच, बहुधा बेरेनिकेतच, घडवली. त्याच मंदिरात संस्कृत आणि ग्रीक अशा दोन भाषांतला लेख मिळाला. रोमन बादशहा फिलिप याच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ. स. २४८ मध्ये, वासुल नावाच्या क्षत्रियानं प्रतिमा दान दिल्याचं तो सांगतो. सातवाहनांची दोन नाणीही तिथेच सापडली. सातवाहन म्हणजे आपल्याच लेण्यांचा काळ. कोकणच्या किनाऱ्यावर उतरलेला यवन बुद्धाच्या संघाला टाकी देतो आणि इजिप्तमध्ये स्थिरावलेला वासुल इसिसच्या देवळात प्रतिमा बसवतो. दोघंही परमुलखात, दोघांनाही स्थानिक देवाच्या ओसरीत जागा मिळाली.

एक गंमतही. बेरेनिकेत पाळीव जनावरांची स्मशानभूमी सापडली आहे. मांजरं, कुत्री आणि त्यांच्यात हिंदुस्थानातून नेलेली माकडं. ती माकडं कोणाची करमणूक करत होती कोण जाणे. वरंधा घाटात भजी खाणाऱ्यांच्या हातातून कागदासकट भजी पळवणाऱ्या वानरांना हे सांगून उपयोग नाही.

बेरेनिकेत राहणं सोपं होतं असं मात्र समजू नये. गावाजवळ गोडं पाणी जवळपास नव्हतंच. आत डोंगराकडच्या विहिरींवर किल्लेवजा चौक्या होत्या आणि तिथून पाणी वाहून आणत. पाण्याच्या वाहतुकीच्या पावत्या खापरांवर लिहिलेल्या सापडल्या आहेत. त्यावर कर वेगळा. हिंदुस्थानातून आलेल्या मालावर रोमन सरकार चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, जकात घेई. तरीही प्लिनी कुरकुर करतो की हिंदुस्थान दर वर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स खेचून नेतं. अलेक्झांड्रियाच्या नाट्यगृहात भाषण करताना डिओ क्रिसोस्टम या वक्त्याला श्रोत्यांमध्ये थोडे हिंदी लोक दिसले होते. तेवढं एक वाक्य. ते कोण होते, भाषण त्यांना कळलं का, याचा तपास इतिहासात नाही.

उत्तर आफ्रिकेहून आलेला आणि आपल्या मुलखात नोकरी करून गेलेला सगळ्यांत बडबडा माणूस मात्र नंतरचा. टँजियरचा इब्न बतूता १३२५ साली, विशीत असताना घराबाहेर पडला तो पंचवीसेक वर्षं फिरतच राहिला. दिल्लीत मुहम्मद तुघलकानं त्याला काझी केलं आणि पगार ठरवला वर्षाला बारा हजार दिनार. एवढा पगार असूनही तो कर्जात बुडाला. परदेशी राहणाऱ्या माणसाचा हा रोग फार जुना दिसतो. १३४२ मध्ये तो चीनला निघाला तेव्हा वाटेत दौलताबाद आणि नंदुरबार पाहून गेला आणि मराठ्यांच्या साध्या, शाकाहारी जेवणाची नोंद करून गेला. परतल्यावर त्यानं सगळं सांगितलं, इब्न जुझय्य नावाच्या लेखकानं लिहून घेतलं आणि १३५५ मध्ये पुस्तक पुरं झालं. त्याच टँजियरमध्ये १९४७ पासून १९९९ मध्ये मरेपर्यंत राहिलेला अमेरिकन लेखक पॉल बोल्स हा आजच्या लॅपटॉपवाल्यांचा आजोबाच म्हणायचा. स्वस्त घर, ऊन, आणि पैसे मात्र न्यूयॉर्कचे. पण १९५९ मध्ये हा माणूस गाडीत टेपरेकॉर्डर घालून मोरोक्कोची खेडी हिंडला आणि तिथली लोकगाणी ध्वनिमुद्रित करून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाला देऊन ठेवली. त्यातली कित्येक गाणी आज म्हणणारे नाहीत.

महाडहून बिरवाडीच्या रस्त्याला लागलं की खाडीचा वास सुटतो आणि कारखान्यांचा येतो. तोही मागे पडला की भात, आंबा आणि मधूनमधून बंद घरं. हा रस्ता वरंध गावावरून माझेरीकडे आणि तिथून वरंधा घाट चढून भोरकडे जातो. पुढे पुणं, पंढरपूर. समुद्राचा माल देशावर आणि देशावरचा समुद्राकडे जायला सह्याद्रीत ज्या खिंडी आहेत, त्यांतली ही एक. कल्याणच्या मालाला नाणेघाट होता. सावित्रीच्या काठी उतरलेल्या मालाला डोंगर चढायचा तर ह्याच डोंगररांगेतली कुठली तरी वाट धरावी लागणार. खिंडीवर कावळ्या किल्ला उभा आहे तो उगाच नाही.

वरंधच्या अलीकडे बारसगावहून फाटा शिवथरघळीला जातो. संत रामदास सारा हिंदुस्थान पायी हिंडून आले आणि मग या ओल्या, काळोख्या घळीत बसून त्यांनी दासबोध सांगितला, कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ही जागा पुढे लोकांच्या विस्मरणात गेली होती. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. पावसाळ्यात घळीच्या तोंडासमोर धबधबा असा कोसळतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. लिहायला शांत जागा हवी असं म्हणणाऱ्यांनी एकदा जुलैत जाऊन यावं.

बंद घरांकडे परत येऊ. पोलादपूर-महाडच्या गावांत घराला कुलूप असणं हे दुःखाचं किंवा आश्चर्याचं नाही, ते इथलं हवामान आहे. माणसं मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला घर उघडतं. मुंबईपुढचा टप्पा आखाताचा. काहींना कंपनीनं आणखी पुढे, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर नेलं. २०११ मध्ये लिबियात यादवी पेटली तेव्हा भारत सरकारनं पंधरा हजारांहून जास्त भारतीयांना परत आणलं. त्यांतल्या काहींना बेंगाझीहून भाड्यानं घेतलेल्या जहाजातून अलेक्झांड्रियाला नेलं आणि तिथून विमानानं घरी. बांधकामं, तेल कंपन्या, इस्पितळं यांत राबणारी ही माणसं. त्यांना कोणी डिजिटल नोमॅड म्हणत नाही, एक्स्पॅटही म्हणत नाही. ‘बाहेर असतो’ एवढंच गावात म्हणतात. मला तरी हेच नाव पुरेसं वाटतं.

२०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चाकरमानी परत आले तेव्हा काहींच्या पिशवीत लॅपटॉप होता. मग माजघरात टेबल, माळ्यावर मोबाइलचं हॉटस्पॉट आणि रेंज मिळते ती जागा म्हणजे नदीच्या वरची दरड. गावात वीज गेली की मुंबईतलं कामही गेलं. त्यातले बहुतेक परतले. थोडे महिन्यातून आठवडाभर येऊन काम करतात. माझेरीच्या अलीकडे एका ओटीवर असा एक जण भेटला. कानात हेडफोन, समोर चालू मीटिंग, आणि आई मागून ओरडत होती, ‘‘अरे, गुरं सोडायचीत, मग बोल त्यांच्याशी!’’ त्यानं माइक बंद केला, गुरं सोडून आला आणि मीटिंगला पुन्हा बसला. तागाझूतच्या कॅफेत गुरं सोडायला कोणी सांगत नाही, हा त्या दोन मुक्कामांतला फरक आहे. गावातला माणूस आपल्या गावात पाहुणा म्हणून राहूच शकत नाही.

आणि इथे राहायचं तर पावसाशी हिशेब ठेवावा लागतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात महाड शहर पुरात बुडालं होतं. वरंधा घाटात दर पावसाळ्यात दरडी येतात, रस्ता खचतो, जड वाहनं बंद होतात, कधी सगळीच बंद होतात. मोसमी वाऱ्याचा हुकूम या वाटेवर अजून चालतो. ग्रीक जहाजांना तो थांबवत असे, आता एसटीला थांबवतो.

घाटाच्या वरच्या अंगाला वाघजाईचं देऊळ आहे. शेजारी चहा आणि कांदाभजीची दुकानं, आणि समोर खोल दरी. गाड्या थांबतात, भजी खातात, फोटो काढतात आणि भोरकडे जातात. देवळाच्या वरच्या कातळात कोरलेली पाण्याची टाकी बघायला फार थोडे चढतात. किल्ल्याची पाण्याची सोय असेल, घाटानं जाणाऱ्या बैलांची आणि माणसांची असेल. इथे नाव कोरलेलं नाही, त्यामुळे देणारा काणभोज कुळातला, की यवन, की भोरचा कोणी, हे सांगता येत नाही. भजीच्या दुकानातल्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘पांडवांनी केली. दुसरं कोण एवढं खणणार?’’

तरी टाकी बघितल्यावर माझं मत पक्कं झालं. परक्या जागी राहून आपलं काम करून जाण्यात गैर काही नाही; दोन हजार वर्षं माणसं तेच करत आली आहेत, इथूनही आणि इथेही. मात्र ज्या गावात राहिलो तिथल्या पाण्याचा, शाळेचा, देवळाचा, वाटेचा काहीच भार उचलला नाही, तर त्या मुक्कामाला हिंडणं म्हणावं, राहणं म्हणू नये. या कसोटीवर तागाझूतचे बहुतेक लॅपटॉपवाले नापास होतात आणि जुन्नरचा इरिल पास होतो. बोल्सही पास. ओटीवर मीटिंग करणारा माझेरीचा मुलगा आईच्या दट्ट्यामुळे का होईना, पास.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जावं. कोकण रेल्वेनं वीर स्टेशनला उतरलं की महाड जवळ आहे. सकाळी ऊन चढायच्या आत गांधारपाले बघावीत, दुपारी शिवथरघळ आणि उन्हं कलायच्या आधी घाट. सोबत पाणी ठेवावं आणि टाक्यांत बाटल्या टाकू नयेत. पावसाळ्यातच जायची हौस असेल, तर निघण्याआधी महाड किंवा भोरच्या पोलीस ठाण्यात फोन करून घाट चालू आहे का ते विचारून घ्यावं.